आधीच्या गोष्टीतली माणसं

बाबा,

तुम्ही गेल्यावर महिन्याभरात आपण दर रविवारी बघायचो ती मालिका बंद पडली. चॅनलवाल्यांनी काही कारण दिलं नाही. एका रविवारी अकरा वाजता तिच्या जागी स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला. मी आपल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात अर्धं शटर खाली ओढून बसले होते आणि समोरच्या पाच टीव्हींवर एक बाई ढोकळा करत होती. त्यातल्या एकाचा लाल रंग गेलेला, त्याच्यावर ढोकळा हिरवागार. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता. मी पाचही टीव्ही एकेक करून बंद केले आणि तुम्हाला पोचवून आल्यापासून तेव्हा पहिल्यांदा रडले. रडलं की हलकं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं. नऊ वर्षं झाली, अजूनही वाटलेलं नाही, आणि आता वाटेल अशी आशाही मी सोडून दिली आहे.

मूळची मालिका आपण मी नववीत असताना पाहिली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं, घरात स्वयंपाक कोणी करायचा यावरून आपण दोघं रोज चिडत होतो, आणि हिंदीत डब केलेली ती मालिका लागली की तेवढा वेळ घर शांत असायचं. एका गोठलेल्या चंद्रावरचं रिकामं शहर. सात माणसं तिथे येऊन पडतात आणि बघतात तर दारांवर नावांच्या पाट्या आहेत, टेबलांवर ताटं वाढलेली आहेत, पण जिवंत माणूस एकही नाही. हवा तयार करणारं मोठं यंत्र एका दिवसात बंद पडलं आणि सगळे होते तिथेच गुदमरले, एवढंच आपल्याला कळतं. मग दहाएक वर्षांनी दुसरी मालिका आली, ही आता बंद पडलेली, त्याच शहराची, पण चाळीस वर्षं आधीची. शहर भरलेलं आहे, शाळा सुटतायत, लग्नं लागतायत. पाट्यांवरची नावं आपल्याला पाठ होती, आता त्या नावांची माणसं चालताबोलताना दिसायला लागली.

पहिल्याच भागाला तुम्ही वैतागलात. "ही आधीची गोष्ट हाय ना? मंग मशिनी नवीन कशा?" तुमचं बरोबर होतं. मूळ मालिकेत पडद्यावर हिरवी अक्षरं, मुठीएवढे खटके, बोटाएवढ्या जाड वायरी. आणि चाळीस वर्षं आधीच्या या गोष्टीत मात्र ज्याच्या त्याच्या हातात पातळ काच. तिच्यावर बोट फिरवलं की दार उघडतं, लांबचा माणूस समोर उभा राहून बोलायला लागतो. मी म्हटलं, "बाबा, मधल्या दहा वर्षांत खरं जगच पुढे गेलं ना. आता जुने खटके दाखवले तर कोण बघेल?" तुम्हाला ते अजिबात पटलं नाही. गोष्ट करणाऱ्याने आळस केला असं कधी तुम्ही मानायचाच नाहीत, काहीतरी कारण असणारच. दोन आठवडे तुम्ही ते डोक्यात घोळवलंत आणि तिसऱ्या रविवारी चहा ओतता ओतता म्हणालात, "मना कलला. समदा चांगला चालत हाय तवर काच वापरली. काच दुरुस्त नाय होत. शहर मेल्यावर मागून आलेल्यांनी मग माल्यावरचा जुना डबा काढला, खटकेवाला. तो उघडता येतो." मग समोरच्या फळीकडे हात केलात. "आपल्याकडं नाय का आनत? फ्लॅट टीव्ही बिघडला की घरातला जुना घेऊन येतात." त्या मालिकेबद्दल इंटरनेटवर मी नंतर पुष्कळ वाचलं. परदेशातली शहाणी माणसं याच मुद्द्यावर पानंच्या पानं भांडत होती. पण तुमच्याइतकं सरळ उत्तर कोणाला सुचलं नव्हतं.

माणसांना तुम्ही तुमचीच नावं ठेवली होती. हवेचं यंत्र सांभाळणारी इंजिनिअर बाई म्हणजे मिस्त्रीण. शहरभर फिरून आजाऱ्यांना औषधं देणारा यंत्रमानव म्हणजे कुकर, कारण त्याचं डोकं तसंच होतं आणि रागावला की वाफही सोडायचा. मिस्त्रिणीचा भाऊ तळमजल्यावर दिव्यांच्या उजेडात भाजीपाला पिकवायचा, तो भाजीवाला. तिने एकदा वीज वाचवायला त्याच्या मजल्याचे दिवे बंद केले, त्याचं वर्षाचं पीक गेलं, तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. आणि या सगळ्यांचं काय होणार हे आपल्याला ठाऊक असायचं. कोणी नवं घर सजवायला लागलं की तुम्ही मांडीवर हात मारायचात, "त्यांना ठाव नाय, आपल्याला ठाव हाय!" त्यात दुष्टपणा नव्हता. पुढचं माहीत असूनही त्या माणसांत जीव गुंतवून बसायचं, यातच तुम्हाला गंमत वाटायची. मलाही वाटायची, तुमचा रिपोर्ट येईपर्यंत.

रिपोर्ट मीच आणला. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. गाठ स्वादुपिंडात होती आणि यकृतात पसरली होती. दोन महिने, फार तर तीन, म्हणाले. पेशंटला सांगायचं की नाही ते तुम्ही घरचे ठरवा, असंही म्हणाले, जणू घरी माझ्याशिवाय आणखी दहा जण बसले होते. मी बाहेर आले तर तुम्ही बाकावर शेजारच्या माणसाला रिमोटचे सेल उन्हात ठेवले तर आणखी दोन दिवस कसे चालतात ते सांगत होता. "काय बोल्ला?" "अल्सर आहे. तिखट बंद." "आनी येवढ्यासाठी माझ्या घशात नली घातली?" तुम्ही त्या माणसाकडे बघून हसलात. तोही हसला. मग मीही हसले, आणि तिथेच ते ठरून गेलं.

हे खोटं बोलायला मला तुम्हीच शिकवलंत. हा आरोप नाही, पण लिहून ठेवते. मी शाळेतून दुकानात येऊन बसायचे त्या दिवसांतली ती खाला आठवते? नवरा कुवेतला वारला होता, आणि त्याने पाठवलेला टीव्ही ती दर वर्षी तुमच्याकडे आणायची. त्या वर्षी पिक्चर ट्यूबच गेली होती. तुम्ही चहाला गेला होता आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "खाला, हा मेला. आता नवा घ्या." ती स्टुलावर बसली. "मेला म्हंजे काय? त्यांनी पाठवलेला आहे तो." तेवढ्यात तुम्ही आलात आणि अगदी सहज म्हणालात, "कोन बोल्ला मेला? पार्ट मागवलाय खाला. येल." ती गेल्यावर मला जे बोललात ते मी विसरलेले नाही. "कोनाच्या घरातली वस्तू मेली असा तोंडावर नाय सांगायचा. ज्याचा त्याला हलूहलू कलतं. तवर पार्ट येतोय." आठ महिने तो टीव्ही फळीवर होता. ती दर शुक्रवारी येऊन बघून जायची, तुम्ही पदराने पुसावा तसा शर्टाच्या बाहीने त्याचा पडदा पुसून ठेवायचात. मग एका शुक्रवारी तीच म्हणाली, राहू दे भाई, ठेवा तुमच्याकडे. तुमच्या दुकानात असे किती टीव्ही होते! पार्ट कधीच येणार नसलेले. अख्ख्या पनवेलमध्ये तुमच्याएवढं प्रेमाने खोटं बोलणारा मेकॅनिक नव्हता. म्हणून मला वाटलं, तुमच्यासाठीही हेच योग्य असेल.

पण तुम्हाला एक काम उरकायचं होतं, आणि ते मला माहीत होतं. जासईची आत्या. आजोबांच्या जमिनीच्या बदल्यात सरकारकडून प्लॉट मिळाले तेव्हा गावातल्या सगळ्या बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. साडी घ्यायची, जेवायचं आणि सही करायची, अशीच रीत. आत्याने केली नाही. "माझ्या बापाची जमीन, मी का सोडू?" एवढंच म्हणाली आणि साडी परत पाठवली. त्या दिवसापासून तुम्ही भाऊबीजेला जासईला जायचं बंद केलंत. आठ वर्षं. तिच्या घराच्या ओटीवर तिने पाट मांडला आणि संध्याकाळी उचलला, असं कोणीतरी येऊन सांगायचं आणि तुम्ही रेडिओचा आवाज वाढवायचात. पण आजारी पडल्यावर तुमचं मन वळलं. एके दुपारी पेज पिता पिता तुम्ही आपणहून म्हणालात, "तिनं सही नाय केली ते बरोबर केला. तिचा हक्कच व्हता. मीच गावाच्या नादाला लागलो." मग म्हणालात, "जरा बरा वाटला की जाऊ, तिला तोंडावर सांगतो." जरा बरं वाटलं की. हे तुम्ही महिनाभर म्हणत राहिलात, कारण अल्सरच्या माणसाला बरं वाटतंच.

त्याच सुमारास आत्याचा फोन आला. तुम्ही झोपला होता. जासईच्या कंटेनर यार्डात काम करणाऱ्या कोणीतरी तिला सांगितलं होतं की तुझा भाऊ पार खंगलाय. "बाय, मी येते उद्या," ती म्हणाली. मी घाबरले. आत्याला तुम्ही ओळखताच. ती दारात पाय टाकताच ऊर बडवून रडली असती, तुमचे पिवळे डोळे बघून एका क्षणात तुम्हाला सगळं कळलं असतं, आणि मी मोठ्या कष्टाने उभं केलेलं अल्सरचं नाटक कोसळलं असतं. म्हणून मी म्हणाले, "आत्या, येऊ नका. साधा अल्सर आहे. आणि तुम्ही आलात तर ते चिडतील." तिच्या मागे ट्रेलरचा हॉर्न वाजला. मग ती म्हणाली, "बरा. नाय येत." फोन ठेवून मी तुमची औषधं काढली. तुम्हाला या फोनबद्दल मी कधीच सांगितलं नाही.

नंतरच्या रविवारचा तो भाग. तुम्ही दुकानात खुर्चीत नाही, खाली गादीवर उशीला टेकून बसला होता, पण दुकानात यायचा हट्ट मात्र सोडला नव्हता. मिस्त्रिणीला यंत्राच्या पोटात तडा सापडतो. तो बुजवायचं सामान चंद्रावर नाही, यायला वर्ष लागेल, आणि यंत्र तेवढं टिकणार नाही हे तिला कळतं. ती हातातल्या काचेवर ते सगळं लिहिते, वाचते आणि बोटाने पुसून टाकते. कोणालाच सांगत नाही. पाचही टीव्हींवर तिचा चेहरा होता, एका ठिकाणी हिरवा, एका ठिकाणी उभा ताणलेला. मी तुमच्याकडे बघितलं नाही. तुम्ही म्हणालात, "चुकली."

"सांगून काय झालं असतं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "लोक भीतीनेच मेले असते. आता निदान सुखाने जेवतायत, झोपतायत."

"भीतीनं तर भीतीनं. पन भाजीवाल्याला भेटून आली असती ना ती. त्याला आधी जाऊन सांगला असता. मानसाला कामं असतात गो, आटपायची."

"तुम्हीच तर गिऱ्हाइकांना पार्ट येतोय म्हणून सांगता!"

"टीव्हीला कसली कामं?" तुम्ही म्हणालात आणि हसलात. हसताना पोटात दुखलं म्हणून थांबलात. जाहिराती लागल्या होत्या. तुम्ही त्या बघतच म्हणालात, "आज जासईला जाऊ. रिक्षा कर. अर्ध्या तासात पोचू."

बाबा, त्या वाक्याभोवती मी नऊ वर्षं फिरते आहे. तुम्हाला कळलं होतं का? की नुसतं भाजीवाल्यावरून आठवलं? तुमच्या चेहऱ्यावरून काही सांगता येत नव्हतं, तो टीव्हीच्या उजेडात निळा दिसत होता. मी एवढंच म्हणाले, "आज नको. रस्ता खराब आहे, ट्रेलरची गर्दी असते, तुम्हाला धक्के सोसायचे नाहीत. पुढच्या रविवारी नेते." तुम्ही वाद घातला नाहीत. आयुष्यभर एका स्क्रूवरून माझ्याशी तास तास वाद घालणारा माणूस, तेव्हा नुसतं "बरा" म्हणालात. जाहिराती संपल्या. उरलेला भाग आपण बघितला. पुढच्या रविवारी तुम्हाला शुद्ध नव्हती आणि मंगळवारी तुम्ही गेलात.

मी लोकांना सांगत आले की तुम्हाला त्रास नको म्हणून लपवलं. सगळे मान डोलावतात. मुलगी किती खंबीर, म्हणतात. ते खरं नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्या रविवारी उठून गेला असता, आत्याकडे, मग आणखी कोणाकोणाकडे, तुमच्याकडे उरलेला सगळा वेळ तुम्ही वाटून टाकला असता. मला तो माझ्यासाठी हवा होता. अर्धं शटर ओढलेलं, चहा, आणि पुढचं काहीही ठाऊक नसल्यासारखे शेजारी बसलेले तुम्ही. मालिकेतल्या माणसांसारखं मी तुम्हाला बघत बसले. किती खालच्या थराची गोष्ट आहे ही! आणि त्या बदल्यात मला काय मिळालं, तर सहा रविवार. त्यातल्या एकाही रविवारी तुम्ही काय बोललात यापेक्षा तुम्हाला कळलंय का याकडेच माझं लक्ष होतं.

आत्या आली ती तुम्हाला तिरडीवर बांधल्यावर. रडली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. पायाशी उभी राहिली, पदर तोंडात धरला आणि जवळ यायला जणू कोणी मनाई केली असावी तशी दोन हात लांबच राहिली. मनाई केलीच होती. मी.

दुकान दोन वर्षांनी मी सोडलं. कामोठ्यात विज्ञानाच्या शिकवण्या घेते, बरं चाललंय, म्हणजे दिवस जातात. महिन्यातून एकदा जासईला जाते. आत्या आता थकली, गुडघे गेले, पण मी येणार म्हटलं की बोंबील आणते. गेल्या रविवारी मी तिच्या चुलीपाशी जेवत होते. बाहेरून ट्रेलर गेला की मांडणीवरची भांडी किणकिणतात, ती तिकडे लक्षही देत नाही. भात वाढता वाढता तिने विचारलं, "बाय, एक इचारू? तवा फोनवर तू बोल्लीस, येव नको, तो चिडंल. तसा त्यानं सांगला व्हता, का तू आपली बोल्लीस?"

नऊ वर्षांनी विचारत होती. इतकी वर्षं तिने तो प्रश्न कुठे ठेवला होता कोण जाणे. तिच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की नाही आत्या, ते मीच म्हणाले. त्यांना तुमच्याकडे यायचं होतं, रिक्षा करायला सांगत होते, तुमचा हक्कच होता म्हणत होते. तीन-चार वाक्यं. तेवढ्याने ती म्हातारी सुटली असती. पण ती सुटली असती आणि मग माझ्याकडे तिने ज्या नजरेने बघितलं असतं, ती नजर मला सोसली नसती. जगात आता मला जेवू घालणारं तेवढं एकच माणूस उरलं आहे.

मी म्हणाले, "हो. त्यांनीच सांगितलं होतं."

"वाटलाच मना," ती म्हणाली. माझ्या ताटात आणखी एक बोंबील टाकला आणि चुलीतली लाकडं मागे ओढायला वळली.

घरी आल्यापासून हे लिहिते आहे, शिकवणीच्या वहीची पानं फाडून. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही उलट काही विचारत नाही. खरं म्हणजे हीच पानं जासईला पाठवली तरी काम होईल. आत्याला वाचता येत नाही, पण तिची नात दहावीला आहे, ती मोठ्याने वाचून दाखवेल. पत्ता मला पाठ आहे. पोस्ट ऑफिस शिकवणीच्या वाटेवरच लागतं. आज सकाळीही त्याच्यासमोरून गेले, आणि पाकीट घेतलं नाही.